खडकाळ खोऱ्याचा पाळक : योहान फ्रेडरिक ओबरलिन

खेड्यांतील मंडळ्यांकडून एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. मंडळी गरीब आहे, घरे थोडी आहेत, शिकलेले कोणी नाही. सबब मंदिराचे छप्पर असो, शाळेची भिंत असो, की विहिरीकडे जाणारी वाट असो, बाहेरून कोणी साह्य पाठवील तेव्हाच ते काम होणार, असे आमचे बंधुजन सांगतात. या तक्रारीत खोटे काही नाही. गरिबी खरी आहे. परंतु आमच्या बहुतेक मंडळ्यांहूनही दीन स्थितीत असलेल्या एका मंडळीची हकीकत आम्हांस ठाऊक आहे, आणि त्या मंडळीच्या पाळकाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. सेमिनरीत शिकलेल्या पाळकबंधूंस ओबरलिन हे नाव परिचयाचे असेल. आम्ही लिहितो ते विशेषेकरून शिक्षक-उपदेशकांकरिता, व सायंकाळच्या उपासनेनंतर दिव्याजवळ बसून हे पत्र मोठ्याने वाचून घेणाऱ्या कुटुंबांकरिता.

फ्रान्स देशाच्या पूर्वेस आल्सास नावाचा प्रांत आहे. त्यातील स्ट्रासबुर्ग या मोठ्या शहरापासून सुमारे 30 मैलांवर व्होज पर्वताच्या कुशीत एक उंच व ओसाड खोरे आहे. फ्रेंच लोक त्यास बां द ला रोश म्हणतात, जर्मन लोक श्टाइनटाल म्हणतात. दोहोंचा भाव खडकाळ मुलूख असाच आहे, व ते नाव त्यास शोभते. जमीन रेताड, उतार भयंकर, आणि हिवाळा असा लांब की वर्षातील कित्येक महिने बर्फाखाली जावयाचे. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात हा मुलूख अगदी उद्ध्वस्त झाला होता व पुढे शंभर वर्षे गेली तरी सावरला नव्हता. वाल्डर्सबाख, बेलफोस, बेलमाँ, फुदे व सोल्बाख ही पाच गावे मिळून एका पाळकाची मंडळी होती. लोक प्रॉटेस्टंट पंथाचे, सभोवतालचा मुलूख रोमन कॅथोलिक. त्यांची बोलीही निराळी, ती बाहेर कोणास समजत नसे. त्यामुळे चारचौघांत गेले असता हे लोक मान खाली घालून बसत. आपण जन्मतःच खालचे आहोत, असे त्यांनी जणू मान्य करून टाकले होते. हा शेवटला रोग आम्हांस इतर सर्वांहून वाईट वाटतो.

ओबरलिन यांच्या आधी श्टुबर नावाचे एक सज्जन पाळक तेथे होते. त्यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते प्रथम या खोऱ्यात आले तेव्हा शाळा पाहावी म्हणून गेले. एका मोडक्या खोपटात पुष्कळ मुले गोंगाट करीत होती आणि कोपऱ्यात एका बिछान्यावर एक दुबळा म्हातारा पडला होता. तोच मास्तर! तो मुलांस काय शिकवितो अशी चौकशी करता, आपण काहीच शिकवीत नाही, कारण आपणासच काही येत नाही, असे त्याने सरळ सांगून टाकले. तर मग मास्तर कसा झालास, असे विचारता त्याने खुलासा केला की, आपण गावची डुकरे राखीत होतो, म्हातारपणामुळे ते होईना, म्हणून लोकांनी मुले राखावयास ठेविले. श्टुबर यांनी चांगले शिक्षक शोधण्याचा प्रयत्न केला तेव्हा नवीच अडचण निघाली. मास्तर हा शब्दच इतका हलका झाला होता की कोणी अब्रूदार मनुष्य ते काम पत्करीना! शेवटी त्यांनी त्या हुद्द्याचे नावच बदलून भारदस्त केले, तेव्हा माणसे पुढे आली. आमचे शिक्षकबंधू ही गोष्ट वाचून हसतील, परंतु तीत त्यांनी विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

अशा ठिकाणी आपल्यामागून कोणास आणावे या विवंचनेत श्टुबर 1767 साली स्ट्रासबुर्गास आले. ओबरलिन तेव्हा 26 वर्षांचे होते. त्यांचा जन्म त्याच शहरात 31 ऑगस्ट 1740 रोजी झाला. वडील शिक्षक होते. घरी मुले पुष्कळ, पैसा बेताचा, परंतु देवाचे भय व विद्येची आवड भरपूर. वडील भाऊ पुढे नामांकित पंडित झाले. धाकट्याने ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला, आणि काही वर्षे एका शस्त्रवैद्याच्या घरी मुलांचा शिक्षक म्हणून राहिला असता तेथे औषधोपचाराचेही थोडेबहुत ज्ञान मिळविले. श्टुबर त्यांस भेटावयास गेले ते माडीवरच्या एका लहानशा खोलीत. खाटेला पडदे होते ते कागदाचे, आणि मेजावरील दिव्याच्या वर एक लोखंडी पातेले टांगलेले होते. हे काय, असे पाहुण्याने विचारता तरुणाने समजाविले की, दुपारचे जेवण आईबापांकडे होते, येताना भाकरीचा तुकडा घेऊन यावयाचा, तो पाणी व मीठ घालून पातेल्यात ठेवावयाचा, आणि रात्री अभ्यास होईपर्यंत दिव्याच्या उष्णतेने तो शिजतो. हाच मनुष्य आपल्या खडकाळ खोऱ्यास पाहिजे, असे श्टुबर यांनी तेव्हाच ताडले.

ओबरलिन यांस सैन्यातील एका पलटणीचे पाळक होण्याचे बोलावणे आलेले होते. त्या जागेवर दुसरा योग्य मनुष्य मिळाला तरच, व खोऱ्यात येण्यास आपल्याहून वडील असा कोणी उमेदवार तयार नसेल तरच आपण येऊ, असे त्यांनी कळविले. दुसरा कोणी तयार नव्हताच! 1767 च्या मार्च महिन्याच्या अखेरीस ते वाल्डर्सबाख येथे दाखल झाले. पुढील वर्षी त्यांचे लग्न मादलेन विटर या सुशील व सुशिक्षित बाईंशी झाले.

लोकांनी नव्या पाळकाचे स्वागत कसे केले म्हणाल, तर त्यांस आडवाटेवर गाठून चोप देण्याचा बेत केला. नवीन पाळक नवीन शाळा, नवीन रीती, नवीन कष्ट घेऊन आला आहे, ही त्यांची तक्रार. ओबरलिन यांच्या कानी हा बेत गेला. त्या रविवारी त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायातून, दुष्टाला प्रतिकार न करण्याविषयीच्या प्रभूच्या वचनावर उपदेश केला. उपासना आटोपल्यावर कट करणारे एका घरी जमून बोलत बसले असता दार उघडून पाळकसाहेब स्वतः आत आले. मला मारण्याचा तुमचा बेत आहे हे मला समजले आहे, मी तुमचा अपराध केला असेल तर येथेच शिक्षा करा, तुम्हांस दबा धरून बसण्याचे पाप कशाला, अशा अर्थाचे ते बोलले. त्या माणसांनी लज्जित होऊन क्षमा मागितली. दुसऱ्या एका गावच्या तरुणांनी त्यांस वाटेत पाण्याच्या टाक्यात बुडविण्याचा बेत केला होता, तेव्हा ते घोड्यावर बसून निसटून न जाता, घोडा हाती धरून त्यांच्यामधून पायी चालत गेले. त्यांस कोणी हात लाविला नाही. येथे एक गोष्ट आम्ही वाचकांच्या नजरेस आणितो. ओबरलिन यांनी धाक घालण्याकरिता जमीनदारास किंवा अंमलदारास बोलाविले नाही. मंडळीचे भांडण चावडीवर नेण्याची सवय ज्यांस लागली आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता रस्त्याची गोष्ट. या खोऱ्यातून बाहेर पडावयास धड वाट नव्हती. रोथो गावापाशी ब्रूश नदी आडवी येई, ती दगडांवरून उड्या मारून ओलांडावयाची. पूर आला की तीही वाट बंद. आमच्याकडे पावसाळ्यात आजारी माणसास झोळीत घालून चिखलातून नेणारी गावे आहेत, त्यांस अधिक सांगावयास नको. लोकांजवळ विकावयास थोडेफार असले तरी ते बाजारी पोहोचत नसे, आणि शेताची अवजारे आणावयाची तर दिवस मोडावा लागे. ओबरलिन यांनी लोकांस जमवून सांगितले की, खडक फोडावा, नदीच्या काठाने सुमारे दीड मैल भिंत बांधून तीवर रस्ता करावा, आणि नदीवर पूल घालावा, म्हणजे स्ट्रासबुर्गाच्या मोठ्या रस्त्यास आपण मिळू. सर्वांनी एकमुखाने हे अशक्य म्हटले. प्रत्येकास आपापले काम होते, व इतके मोठे काम सरकारनेच करावे, आपण कोण, असे त्यांचे म्हणणे पडले. पाळकसाहेबांनी वादविवाद फार केला नाही. दुसरे दिवशी कुदळ खांद्यावर टाकून, एका सोबत्यास घेऊन ते निघाले व खडकास भिडले.

हे पाहून प्रथम कोणी हसले असतील, परंतु फार वेळ कोणास घरी बसवेना. एकामागून एक माणसे अवजारे घेऊन आली. ओबरलिन यांनी प्रत्येकास जागा नेमून दिली. जेथे काटे अधिक व धोका अधिक ती जागा स्वतःकरिता राखली. अवजारे कमी पडली तेव्हा त्यांनी स्ट्रासबुर्ग येथील मित्रांस लिहिले, व तेथून अवजारे व पैसा आला. साह्य बाहेरून आले खरे, परंतु लोकांचे हात कामास लागल्यानंतर आले; हा क्रम महत्त्वाचा आहे असे आम्हांस वाटते. रविवारी व्याख्यानपीठावर उभा राहणारा पाळक सोमवारी सकाळी सुमारे 200 माणसांच्या पुढे कुदळ घेऊन चालला आहे, असे दृश्य त्या मुलुखाने पूर्वी पाहिले नव्हते. 1770 च्या सुमारास रस्ता मोकळा झाला. नदीवर पूल झाला त्यास प्रीतीचा पूल असे नाव पडले. ओबरलिन यांच्या मते वाटेतला दगड बाजूस करणे हेही शेजाऱ्यावरील प्रीतीचेच कृत्य होते, आणि ज्याने आपल्या गावचा रस्ता खड्ड्यांत पडू दिला त्याच्या प्रार्थनेत काही उणे आहे. पुढे गावागावांमधील वाटाही अशाच झाल्या. त्यांस मजुरी कोणी दिली नाही. परंतु बाहेरचा मनुष्य आला व हा रस्ता कोणी केला असे त्याने विचारले, तर उत्तर देताना खोऱ्यातील शेतकऱ्याची मान आता खाली जात नसे.

शेतीकडे वळताना त्यांस आणखी एक धडा मिळाला होता. शहरातून आलेला पाळक नांगराविषयी काय सांगणार, अशी लोकांची समजूत होती, व ती अगदीच अयोग्य म्हणता येत नाही. म्हणून त्यांनी बोलणे सोडून दिले. पाळकगृहाकडे दोन बागा होत्या. त्यांची माती अति निकस म्हणून प्रसिद्ध, व त्यांमधून लोकांच्या शेतावर जाण्याच्या पायवाटा गेलेल्या. तेथे त्यांनी चर खणले, खत भरले, फळझाडांची रोपे लाविली. येताजाता लोक पाहत. दोनतीन वर्षांनी झाडे बहरली, तेव्हा पायवाटेवरच उभे राहून लोक विचारू लागले की, या मातीत हे कसे झाले? मग पाळकसाहेब सांगू लागले. त्यांनी स्वतः रोपवाटिका केली व कलमे वाटली. बटाटा हे तेथील गरिबांचे मुख्य अन्न, पण त्याचे बी जुने होऊन पीक खालावले होते. त्यांनी बाहेरून नवे बी आणविले. रीगा बंदराकडून जवसाचे बी आणविले, गुरांच्या चाऱ्याकरिता नव्या जातीचे घास लावविले. खताविषयी तर त्यांचा कटाक्ष विलक्षण होता. पाने, लव्हाळे, चिंध्या, जुने जोडेदेखील वाया जाऊ नयेत, सर्व खड्ड्यात पडून कुजावे व शेतात जावे, असा त्यांनी नियमच घालून दिला. आमच्या गावांतून दारापुढचा उकिरडा हा लाजेचा विषय असतो. त्याने तो कमाईचा विषय केला.

आणि झाडांविषयी त्यांचा एक नियम होता, तो आम्हांस फार आवडतो. मुलामुलींचे दृढीकरण होण्यापूर्वी प्रत्येकाने दोन झाडे लावली आहेत असा दाखला त्यांस आणावा लागे. धर्मशिक्षणाची उत्तरे पाठ आली एवढ्याने भागत नसे. ज्या देवाच्या पृथ्वीवर आपण राहतो तिला काही परत दिले काय, हेही तेथे विचारले जाई. पहिले फळ येई तो दिवस घरोघरी आनंदाचा असे.

होतकरू तरुणांस त्यांनी स्ट्रासबुर्गास पाठवून सुतार, गवंडी, लोहार, काचा बसविणारे, गाड्यांची चाके करणारे असे कारागीर तयार करविले, म्हणजे साध्या कामाकरिता बाहेरचा मनुष्य आणून पैसा बाहेर जाऊ नये. शेतीची अवजारे त्यांनी आपल्याकडे आणून ठेवली व ती खरेदीच्या किंमतीस, उधारीवर दिली. एक लहानशी पेढी काढली. तीतून गरजवंतास कर्ज मिळे, परंतु ठरल्या दिवशी जो परत करीत नसे त्यास काही काळ पुन्हा कर्ज मिळत नसे. सावकाराच्या दारी जाऊन आलेल्यांस या नियमाचा कडकपणा जाचक वाटणार नाही.

शाळांकरिताही असेच झगडावे लागले. पहिली नवी शाळा बांधावयाची तेव्हा, तिचा बांधण्याचा वा दुरुस्तीचा खर्च गावावर कधी पडणार नाही असे लिहून घेतल्यावरच लोकांनी संमती दिली. त्यांचे स्वतःचे राहते घर गळके व कोंदट होते. परंतु गावांच्या शाळा चांगल्या बांधल्या गेल्याशिवाय पाळकगृह नवे बांधू नये, असा त्यांनी निश्चय केला होता. नवे घर झाले ते 1787 मध्ये, म्हणजे ते आल्यावर वीस वर्षांनी.

परंतु या खोऱ्याचे नाव जगात झाले ते मोठ्या शाळांमुळे नव्हे, तर अगदी लहान मुलांमुळे, आणि तेही एका शेतकऱ्याच्या मुलीमुळे. बेलमाँ गावी सारा बांझे नावाची एक तरुणी होती. आईबाप शेतावर गेल्यावर लहान पोरे रस्त्यावर चिखलात लोळत. ती त्यांस आपल्या घरी जमवून लोकर विणावयास शिकवीत असे. तिच्या बापास हे पसंत नव्हते, कारण यातून घरात काही येत नव्हते. ओबरलिन यांनी ते पाहिले, बापाची समजूत घातली, व याच तऱ्हेच्या खोल्या इतर गावांतही काढल्या. खोलीत शेगडी असे, मुले तिच्याभोवती बसत. मोठी मुले विणीत, धाकटी खेळत. सांभाळणाऱ्या बाया त्यांस पवित्र शास्त्रातील गोष्टी सांगत, चित्रे दाखवीत, रानातील झाडापाल्याची नावे शिकवीत, गाणी शिकवीत, आणि गावठी बोलीबरोबर शुद्ध फ्रेंच भाषा त्यांच्या जिभेवर आणीत. हे 1770 च्या आसपासचे. आज गावोगाव ज्या बालवाड्या आहेत त्यांच्या पूर्वजांत या विणकामाच्या खोल्यांची गणना होते. सारा 1774 मध्ये तरुणपणीच वारली. तिचे नाव फार थोड्यांस ठाऊक आहे. म्हणून आम्ही येथे मुद्दाम लिहून ठेवितो.

तिच्यामागून या कामाचा भार ज्यांच्यावर आला त्यांत लुइझ शेप्लर मुख्य. ती बेलफोस गावची शेतकऱ्याची मुलगी, जन्म 1763. पंधरासोळा वर्षांची असता पाळकाच्या घरी चाकरीस आली. 1783 च्या जानेवारीत ओबरलिन यांची पत्नी लहान मुलांचा मोठा परिवार मागे ठेवून मरण पावली. त्यानंतर लुइझने पाळकसाहेबांस कळविले की, येथून पुढे मला पगार देऊ नये, मला आपल्या घरची मुलगी समजावे, अंगावर वस्त्र मिळाले म्हणजे पुरे. ती तशीच राहिली. आईविना झालेली मुले तिने वाढविली, आणि आठवड्याच्या ठरल्या दिवशी बर्फातून चालत जाऊन गावोगावच्या बालकांच्या खोल्याही पाहिल्या.

ओबरलिन यांची शिस्त कोणास फार घट्ट वाटेल. त्यांनी एकदा मंडळीतील प्रत्येक कुटुंबाकडे प्रश्नांचा कागद पाठविला. त्यात उपासनेस नियमाने येता काय, मुलांस शाळेत पाठविता काय, हे तर होतेच. पण घरच्यांची वस्त्रे स्वच्छ असतात काय, अंगणातील पाणी निघून जाण्यास मोरी केली आहे काय, फावल्या वेळेस मुलांच्या हातास काही काम आहे काय, गरज नसता कुत्रे तर पाळले नाही ना, हेही होते. पाळकाने कुत्र्याचीही चौकशी करावी काय, असे कोणी म्हणेल. आम्हांस असे दिसते की, ज्या घरी मुलास पोटभर मिळत नाही तेथे कुत्र्याचा तुकडा हाही धर्माचाच प्रश्न होता. दुसऱ्यास विचारावयाचे ते त्यांनी स्वतःस आधी विचारलेले असे. आपल्या तुटपुंज्या वेतनातून ते तीन दशमांश निराळे काढीत. एक देवाच्या मंदिराकरिता व शाळांकरिता, दुसरा रस्ते, शिक्षक व अशा सार्वजनिक कामांकरिता, आणि तिसरा, जो मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा, गरिबांकरिता. साखर व कॉफी या वस्तू वसाहतींमध्ये गुलामांच्या घामाने पिकतात असे समजल्यावर त्यांनी त्या घेणे सोडून दिले. ज्यांच्याकरिता प्रार्थना करावयाची त्यांची नावे ते आपल्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवीत, म्हणजे कोणी विसरला जाऊ नये.

त्यांच्या काही मतांशी आमचा मेळ बसत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. मृत्यूनंतरच्या स्थितीविषयी त्यांनी पुष्कळ कल्पना बसविल्या होत्या, स्वर्गलोकाचे नकाशेही काढिले होते, आणि मृत पत्नीचा सहवास आपणास घडतो असे ते मानीत. शास्त्र जेथे थांबते तेथे थांबावे हे बरे. परंतु एवढे खरे की, स्वर्गाकडे डोळे लावल्यामुळे त्यांस गावचा रस्ता दिसेनासा झाला नाही.

1789 मध्ये फ्रान्सात राज्यक्रांती झाली व पुढील काही वर्षांत धर्मावर घोर संकट आले. पाळकांचे वेतन बंद झाले, मंदिरांस कुलपे लागली. ओबरलिन यांचा थोरला मुलगा स्वयंसेवक म्हणून सैन्यात गेला होता, तो 1793 साली लढाईत पडला. उपासनेस मनाई झाली तेव्हा, कायद्याप्रमाणे गावोगाव नागरिकांचे मंडळ भरविणे प्राप्त होते, ते मंडळ त्यांनी भरविले व वक्ता म्हणून लोकांनी त्यांसच निवडिले. जुलमी राजांविरुद्ध बोलावे असा हुकूम होता. आपल्या खोऱ्यात जुलमी राजा कोणी नाही, परंतु प्रत्येकाच्या अंतःकरणात राग, लोभ, अशुद्धता हे जुलमी बसले आहेत, त्यांच्याविरुद्ध आपण बोलू, अशा रीतीने त्यांनी आरंभ केला, असे सांगतात. जिवाच्या भीतीने पळून आलेल्या कित्येकांस, ते कोणत्या पंथाचे हे न विचारता, त्या पाळकगृहात आसरा मिळाला. 1794 च्या जुलैअखेरीस त्यांसही पकडून शेलेस्टा येथे नेण्यात आले. परंतु त्याच दिवसांत पॅरिस येथे रोबेस्पियेर याचा पाडाव झाला, आणि ओबरलिन सुटून घरी आले. त्या काळच्या सरकारने काढलेल्या कागदी नोटांची किंमत उतरून त्या रद्दी झाल्या होत्या. गरिबांजवळच्या अशा नोटा ओबरलिन यांनी कित्येक वर्षे हळूहळू परत घेतल्या व मोबदला दिला. राष्ट्राने दिलेले वचन खोटे पडावे याची त्यांस, नागरिक म्हणून, लाज वाटे.

लंडन येथे 1804 साली ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली. बाहेरदेशी तिचा पत्रव्यवहार ज्यांच्याशी प्रथम झाला त्यांत ओबरलिन होते. सोसायटीने काही बायबले देऊ केली तेव्हा, ती आपल्या मंडळीत कोणास बक्षीस द्यावी हे त्यांनी लिहून कळविले. त्यांनी निवडिलेल्या तीन स्त्रियांत कोणी धनवान नव्हती. सोफी बेर्नार ही त्यांपैकी एक. तिने निराधार मुले घरी आणून सूत कातून पोसली होती, व त्यांत पंथाचा भेद ठेविला नव्हता. दुसरी दोघीही अनाथांच्या व आजाऱ्यांच्या सेवेत झिजलेल्या. हे पत्र लंडनास वाचले गेले तेव्हा ऐकणारांची मने फार द्रवली. दर्यापारच्या थोर लोकांसमोर त्या खोऱ्याचे नाव गेले ते तीन गरीब बायांच्या नावांनी गेले.

पुढे कापसाचे सूत कातण्याचा धंदा खोऱ्यात आला, आणि बाझेलच्या लग्राँ कुटुंबाने रेशमी फिती विणण्याचे काम आणून ते घरोघरी वाटून दिले, म्हणजे आईला मुलांजवळ बसूनच मजुरी मिळाली. जंगलाच्या हक्काविषयी लोकांचा मालकांशी चाललेला फार वर्षांचा दावा 1813 मध्ये ओबरलिन यांच्या मध्यस्थीने मिटला. ज्या लेखणीने तडजोडीवर सही झाली ती जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या सूचनेवरून गावच्या पुढाऱ्यांनी पाळकसाहेबांस भेट दिली. 1816 व 1817 ही वर्षे युरोपभर दुष्काळाची गेली, व त्या खोऱ्यात फार हाल झाले. 1818 मध्ये पॅरिस येथील शेतकीच्या राजसभेने त्यांस सुवर्णपदक दिले, आणि 1819 मध्ये राजाकडून लेजियन द'ऑनर हा मान आला. ओबरलिन यांस या मानांचे विशेष कौतुक वाटले नाही. खोऱ्यातील लोकांस मात्र वाटले, आणि तो मान आपणा सर्वांचा आहे असे त्यांनी मानले तर त्यात गैर काय? बटाटे त्यांनीच लाविले होते.

ओबरलिन यांचे देहावसान 1 जून 1826 रोजी झाले. तेव्हा ते 85 वर्षांचे होते, व त्या एकाच मंडळीत 59 वर्षे राहिले होते. पाऊस कोसळत असताही लोक दुरून येत राहिले. त्यांस पुरण्यास वाल्डर्सबाखहून फुदे येथे न्यावयाचे होते, सुमारे दोन मैल. पुढचे लोक फुदे येथे पोहोचले तरी मागचे अजून वाल्डर्सबाख येथेच होते, इतकी गर्दी. शेजारच्या गावांतील कॅथोलिक लोकही शोकाची वस्त्रे घालून आले होते. ज्यांच्या बापजाद्यांनी या माणसास वाटेत मारावयाचे ठरविले होते त्यांची नातवंडे त्यांस पापा ओबरलिन म्हणत असत, आणि कबरीवरील लोखंडी क्रुसावर तेच दोन शब्द आहेत. 1833 साली अमेरिकेतील ओहायो प्रांतात एक वसाहत व विद्यालय स्थापन झाले त्यास त्यांचे नाव दिले गेले. त्या विद्यालयाने 1835 पासून काळ्या वर्णाच्या विद्यार्थ्यांस प्रवेश दिला, आणि 1837 पासून मुलांबरोबर मुलींसही पदवीच्या अभ्यासास घेतले.

लुइझ शेप्लर त्यांच्यामागे अकरा वर्षे जगली. 1829 मध्ये फ्रेंच अकादमीने सद्गुणाचे मोठे बक्षीस तिला दिले, 5000 फ्रँक. अकादमीत तिच्या चरित्राचा वृत्तांत सांगण्याचे काम जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी केले. मिळालेली रक्कम तिने स्वतःकरिता ठेविली नाही, खोऱ्यातील गरिबांकरिता व मुलांकरिता लाविली. 1837 मध्ये ती मरण पावली, तोपर्यंत वाल्डर्सबाखच्या मुलांच्या खोलीत तिचे जाणेयेणे चालू होते.